हिरवा दिवा, गाढ झोप

"वहिनी, ही झोप मला बरी दिसत नाही," नणंद म्हणाली होती. ती नर्स. "घरी डोळ्याला डोळा लागत नाही पोरीचा, आणि गाडीत बसली की मान टाकते?"

"तुला लेकरू झालं ना, की कळेल झोपेची किंमत," असं म्हणून वहिनीने तिचं बोलणं तोडून टाकलं.

त्या झोपेचं श्रेय घरात उस्तादांना होतं. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या गॅरेजपुढे मुंगीला वाट मिळत नसे. वहिनीच्या नवऱ्याने हौसेने गाडीचा सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदललेला. इंजिनात हवा किती, पेट्रोल किती, हे दाखवणारा मीटर तेवढा राहिला होता. दुकानात आकड्यांचा मीटर पाहिला, पण त्याचा सेन्सर धुराच्या नळीत बसवायचा आणि आकडा सारखा हलणार.

"मीटर आहे की तापातला रोगी?" उस्ताद हसले. "हा बघा माझा!"

त्यांनी दोन दिव्यांचा आपला मीटर गाडीत बसवला: मिश्रण बिघडलं की लाल, जमलं की हिरवा. गाडी सुरू झाली. लाल दिवा.

"हवा आणि पेट्रोल म्हणजे नवरा-बायको, ताई! जमलं तर संसार, नाहीतर नुसता धूर!" लोक खिदळले. उस्तादांचं प्रवचन रंगलं. मग त्यांनी पेट्रोलच्या नळीला 'सिद्ध' तांब्याचं कडं बांधलं, डोळे मिटून पुटपुटले. लाल विझला, हिरवा लागला. टाळ्याच टाळ्या! "आता लेकरूसुद्धा गाडीत सुखाने झोपेल!"

आणि झोपलंच की! रसायनशास्त्राची पदवीधर आई कौतुकाने सांगत सुटली. गाडीत आपलंही डोकं ठणकतं, त्याला ती जागरण म्हणायची.

एकदा नवरा औषधाच्या दुकानात गेला. इंजिन बंद होतं, पोरगी मागच्या सीटवर झोपलेली. काच खाली करायला तिने किल्ली अर्धीच फिरवली. लाल दिवा लागला. ती बघत बसली. थोड्या वेळाने, कुणी काही न पुटपुटता, हिरवा झाला.

बंद इंजिनात हा मोजतोय काय?

तिने मीटरमागे हात घातला. दिव्यांना वीज पुरवणाऱ्या वायरी तेवढ्या जोडलेल्या. सेन्सरची वायर चिकटपट्टी गुंडाळून लोंबत सोडलेली. लालाचा हिरवा आपोआप होत होता, उस्तादांचं प्रवचन संपेल इतक्याच वेळात.

ती मागे वळली. "बाळा!" ओ नाही. "अगं बाळा!"

तिने फोन लावला तो नणंदेलाच. "आधी तिला मोकळ्या हवेत घे! त्या गाडीत परत बसू नका, दुसऱ्या गाडीने हॉस्पिटलात या," नणंद म्हणाली.

ऑक्सिजन लावल्यावर पोरगी रडली. नव्या सायलेन्सरच्या सांध्याच्या फटीतून धूर गळत होता, पेट्रोल जास्त जात होतं, आणि अर्धवट जळालेल्या धुरातला वास नसलेला विषारी वायू मागच्या सीटपर्यंत येत होता. ती झोप नव्हती, गुंगी होती.

नणंद रात्रभर उशाशी बसली. 'ही झोप बरी दिसत नाही' हे आपलं जुनं वाक्य तिने उकरून काढलं नाही. काढलं असतं तर वहिनीला निदान मान वर करता आली असती.

आता सांधा पक्का आहे, मीटर आकड्यांचा आहे. पेडलवर पाय दाबला की मिश्रण बदलतं, म्हणून आकडा हलतो. खरं मोजणाऱ्याचं असंच असतं.

उस्तादांपुढे आजही गर्दी आहे. तुमच्याही मीटरचा दिवा सदा हिरवाच असेल, तर इंजिन बंद ठेवून किल्ली अर्धीच फिरवून बघा. पण ते नंतर. आधी मागच्या सीटवर शांत झोपलेल्या जिवाला हाक मारा, आणि ओ येते का ते बघा.