कातडं ओळखतं

धाकटीला सगळ्यात आधी आठवलं ते थोरल्या जावेचं बोट. डाव्या हाताची करंगळी, मधल्या सांध्यापासून बाहेर वाकलेली, कायमची. कोणी विचारलं तर घरातले सांगायचे, दारात सापडलं. ते खोटं नव्हतं. दार कोणी लावलं एवढंच कोणी सांगायचं नाही. दादाला सायकलचा पंप हवा होता, पंप थोरलीने शेजारी दिला होता, आणि तो यायला दोन दिवस लागले. बस, एवढंच. पंपासाठी एक बोट. मग सीटसाठी किती?

धाकटी घरी बसून शिवणकाम करायची. काज, बटणं, कॉलर उलटवणं. तिच्याकडे जे काही होतं ते या दहा बोटांत होतं.

ओट्यावर, जुन्या वर्तमानपत्रावर, दादाच्या सायकलची सीट पडली होती. दादा म्हणजे थोरला दीर. तीन दिवस परगावी गेलेला, आज चारच्या गाडीने यायचा होता. सीट तीस वर्षांची, जाड चामड्याची, मागच्या बाजूला दोन गुळगुळीत खळगे पडलेली. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला सीट दाखवायची हा दादाचा नेम. "नवी होती तेव्हा दगड होता दगड! वर्षभर बुड सोलून घेतलं, तेव्हा वाकली. आता हे कातडं मला ओळखतं. दुसरा कोणी बसला ना, तर फेकून देईल त्याला." पाहुणा मान हलवायचा. घर तर मान हलवण्यासाठीच होतं.

परवा दुपारी ती शर्ट पोचवायला गेली असताना वादळ झालं. सायकलवरचं कव्हर उडालं ते गटारात सापडलं, आणि सीट चिंब. तो अपघात. पुढचं मात्र सगळं तिने स्वतः, शहाणपणाने केलं. सीट उतरवून शेगडीजवळ वाळत ठेवली. सीट वाळली ती लाकडासारखी कडक, कडा वाळक्या पानागत वर आलेल्या. मशीन कुरकुरलं की तेल सोडायचं, हे तिला येत होतं. तिने मशीनचं तेल सीटला लावलं. कातडं ते प्यायलं. आणखी लावलं, वरून, खालून. तेही प्यायलं. बाटली रिकामी होईपर्यंत ती पाजत राहिली, आणि तिला बरं वाटत होतं, आपण काळजी घेतोय असं वाटत होतं.

आज सकाळी पाहिलं तर सीटची झोळी झाली होती. काळी, लोंबती. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा.

नवऱ्याने तोंड पुसता पुसता ते पाहिलं. टॉवेल तोंडावरच राहिला.

"मी हे बघितलेलं नाही," तो टॉवेलमधून म्हणाला. "डबा दे. कामावरची पाळी चुकेल."

असा हा नवरा. पस्तिशीचा बाप्या, आणि भावाच्या चपलांचा आवाज आला की खुर्चीवर पाय जवळ घेऊन बसणारा. डबा घेऊन निघून गेला. जाताना दारसुद्धा हळू लावलं, दादा घरात नसताना.

थोरली भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. "नळाच्या गल्लीच्या टोकाला आरीबाई आहे. पिशवीत घालून ने. झाकून."

"ताई, ती करील का नीट?"

"अकरा वाजलेत," थोरली म्हणाली. "बोलत बस तू."

आरीबाईचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. मेणाचा आणि कातड्याचा वास, डब्यांत तांब्याच्या रिव्हेटा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली सीटची जुनी कातडी. बाई साठीची, हातात कायम चामडं टोचायची आरी, म्हणून आरीबाई. तिने पिशवी उघडली, आत नाक घातलं आणि धाकटीकडे पाहिलं.

"काय पाजलंस गं याला? बाळ आहे का हे?"

"ओली झाली होती. मग कडक झाली. मग तेल..."

"मग मेली." आरीबाईने सीट टेबलावर टाकली. धप्प असा आवाज आला, ओल्या फडक्यासारखा. "हे मऊ करायचं नसतं. मऊ झालं की संपलं. कडक राहून जागा द्यायची, हे त्याचं काम. ओली झाली तर सावलीत वाळवायची, हवेवर. मलम वर्षातून दोनदा, बोटावर मावेल एवढं. बाटली नव्हे!"

"बोल्ट आवळला तर ताणून बसेल?"

"नुसतं सीटचं पुढचं नाक लांबेल. बसणाऱ्याच्या खाली पुन्हा झोळी. कधी हवीय?"

"चारच्या आत."

"आज चार?" आरीबाई हसणार होती. पण धाकटी दोन्ही हात काखेत दाबून उभी होती, थंडी नसताना. आरीबाई हसली नाही. तिने सीट उलटी केली, खालचं तेल फडक्याने पुसलं, आणि थांबली. मागच्या रिव्हेटांच्या शेजारी, आतल्या अंगाला, तीन बारीक ठिपके होते. आरीने टोचलेले.

"हे तर माझं काम आहे."

"नाही हो, तीस वर्षांची आहे ही."

"लोखंड असेल तीस वर्षांचं. कातडं मी चढवलंय. अकरा वर्षं झाली." आरीबाईने ठिपक्यांवर नख फिरवलं. "एक बाई आली होती. अशीच पिशवी, असाच घाम. डाव्या हाताच्या करंगळीला पट्टी."

धाकटी स्टुलावर बसली.

"तिनेही तेलच पाजलं होतं," आरीबाई म्हणाली. "घाबरलेलं माणूस थांबत नाही ना, ओतत सुटतं."

"पण नवं कातडं त्यांना कळलं कसं नाही?"

"नवं कशाला लावीन? नवं पहिल्या फेरीत कळतं, बुडाखाली पाट ठेवल्यासारखं. एक पोस्टमन वारला होता, त्याची सीट आली होती मोडीत. पंचवीस वर्षं बसलेला माणूस. तयार खळगे. तेच चढवलं. काय म्हणतो गं तुझा हा सीटवाला?"

"म्हणतात, हे कातडं मला ओळखतं."

आरीबाईला हातोडी खाली ठेवावी लागली. ती भिंतीला पाठ लावून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं पोस्टमनला ओळखत असेल ते! त्याला वाटलं असेल, टपाल कुठंय?"

धाकटीला हसू आलं नाही. तिची भीती वाढलीच. सकाळपर्यंत तिच्याकडे एक गुन्हा होता, आता एक गुपितही होतं, आणि त्या घरात पोटात काही लपवून दादासमोर उभं राहणं म्हणजे काय ते तिला माहीत होतं. दादा आधी चेहरा बघायचा. बोलायचा नंतर.

आरीबाईने भिंतीवरून एक कातडं काढलं. "हे आहे. सुईणबाईचं. तीस गावं फिरली बिचारी यावर. जरा रुंद होती, पण ताणून बसवते."

"दुसरं नाही?"

"आहेत की, तुटलेली. निवडतेस?"

रिव्हेटा तोडायला पाऊण तास गेला. कातडं भिजवून सांगाड्यावर ओढायला, कडा तासायला, ठोकायला त्याहून जास्त. प्रत्येक घावाला धाकटीची बोटं काखेत आखडत होती. नव्या रिव्हेटा फार चमकत होत्या, म्हणून आरीबाईने त्यांना काजळी चोळली. शेवटी आतल्या बाजूला तीन ठिपके टोचले.

"ते नका करू," धाकटी म्हणाली.

"माझं काम आहे. मी नाव लपवत नाही. तो उलटी करून बघायचा नाही, असली माणसं कशाच्याही खाली बघत नाहीत."

घरी पोचली तेव्हा घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. अंगणात सायकल सीटवाचून उभी, मुंडकं छाटल्यासारखी. धाकटीने सीट दांड्यावर बसवली आणि हातात पाना घेऊन तशीच राहिली. उतरवताना खूण केली नव्हती. सीट किती पुढे होती, किती मागे, काही म्हणजे काही आठवेना. बोटभर चूक झाली तरी त्याच्या गुडघ्यांना कळेल.

थोरलीने मागून येऊन तिला बाजूला सारलं. आपलं कोपर सीटच्या नाकाला टेकवलं, पंजा हँडलकडे सरळ केला, बोटांच्या टोकापुढे दुसऱ्या हाताची दोन बोटं आडवी धरली. "इथे. आवळ."

"ताई, हे कातडं सुईणबाईचं आहे. अकरा वर्षांपूर्वी तुम्हीच..."

"नट आवळ आधी."

"मला सकाळीच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू निवांत दिसली असतीस." थोरली नाकाच्या उंचीकडे एक डोळा मिटून बघत होती. "या घरात निवांत दिसलं की त्यांना संशय येतो."

चपलांचा आवाज चार वाजून वीस मिनिटांनी आला.

दादाने बॅग पायरीवर ठेवली. पाणी नाही, काही नाही, आधी सायकल. सीटवरून तळवा फिरवला. मग दोरीवर वाळत घातलेल्या कव्हराकडे पाहिलं.

"कव्हर धुतलं?"

"हो दादा. मळलं होतं."

"मी सांगितलं होतं धुवायला?"

दादाने उत्तराची वाट पाहिली नाही. तो सायकलवर बसला, अंगणात एक फेरी मारली, दुसरी मारली. दुसऱ्या फेरीत अर्ध्यावर थांबला. उतरला. सीटचा एक खळगा अंगठ्याने दाबला, मग दुसरा. मग सावकाश, चेहऱ्यावर काही न आणता, धाकटीकडे वळला.

"हात पुढे कर."

तिने केला. त्या घरात हात आपोआप पुढे व्हायचे. दादाने तिची बोटं आपल्या नाकाशी नेली. मशीनचं तेल नखांच्या फटीत होतं, तीनदा साबण लावूनही.

"माझ्या सीटला तेल लावलंस तू."

त्याने तिचं मधलं बोट आणि तर्जनी मुठीत धरली. अजून दाबली नव्हती. नुसती धरली होती, माप घेतल्यासारखी, आणि हळूहळू मागे न्यायला लागला. धाकटीला तेव्हा फक्त काज दिसत होते, उद्या द्यायच्या बारा शर्टांचे काज.

"सोड तिला."

एकवीस वर्षं थोरली त्याला "अहो" म्हणत आली होती. दादाला क्षणभर कळेचना की हे कोण बोललं.

"सोड म्हणते ना. ती सीट तुझी नाहीये." थोरली पायरी उतरून खाली आली. हातात सीट आवळायचा पाना होता. "अकरा वर्षं नाहीये. तुझी मी घालवली, तेल पाजून. मग तू पोस्टमनच्या सीटवर बसलास, मेलेल्या. आजपासून सुईणीच्या. उलटी करून बघ. तीन ठिपके आहेत."

"काहीतरी बरळू नकोस."

"अकरा वर्षं पाहुण्यांना दाखवलीस रे! एकदा तरी तुझ्या बुडाला कळलं?"

दादाने बोटं सोडली. दया आली म्हणून नव्हे. त्याला सीट चाचपायला हात हवा होता. तो गुडघ्यावर बसला आणि मान वाकडी करून सीटच्या खाली बघायला लागला, आयुष्यात पहिल्यांदा. बराच वेळ तो तिथून उठला नाही. उठला तेव्हा दोघींपैकी कोणाकडेच बघत नव्हता. एकदा त्याने टांग टाकायला पाय उचलला, आणि परत खाली ठेवला.

धाकटी घरात आली. बोटं मोजली, एकेक वाकवून पाहिली. दुखत होती, पण वाकत होती. भीती गेली नव्हती. संध्याकाळ अजून पुढे होती, नवरा यायचा होता, आणि बाहेर तो माणूस अजून त्याच अंगणात उभा होता.

थोरली मागोमाग आली. तिने घराचं दार भिंतीला लागेपर्यंत पूर्ण उघडलं, चुलीमागची जड वीट दोन्ही हातांनी ओढत आणली आणि दाराच्या तळाशी घट्ट सारली. दार हलवून पाहिलं. हललं नाही.

"राहू दे असंच," ती म्हणाली.

धाकटी मशीनवर बसली. सुईत दोरा तिसऱ्या खेपेला गेला.