ऑर्विलचा भोवरा

आमच्या गावात कोणी कोणाशी भांडत नाही. नगररचनाकाराच्या वाट्याला याहून वाईट गाव येऊ शकत नाही. बाबा नव्या रस्त्याचा नकाशा भिंतीवर लावून जनसुनावणी घ्यायचे. लोक यायचे, कॉफी प्यायचे, नकाशाकडे बघून "वेगळंच आहे" म्हणायचे आणि घरी जायचे. उत्तर मिनेसोटात "वेगळंच आहे" म्हणजे "तुझं वाटोळं होवो". बाबा आयोवातून आलेले, त्यामुळे हे कळायला त्यांना काही वर्षं लागली. तोवर ते खूश होते.

स्पष्ट विरोध त्यांना एकदाच झाला. शाळेच्या लायब्ररीत काम करणारी मार्गिट नावाची मुलगी उभी राहिली आणि वाट्याला आलेली सगळी तीन मिनिटं वापरून म्हणाली, की ही पायवाट मूर्खपणाची आहे, कारण तिथून कोणी जातच नाही. बाबांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी लोक कुठून जातात ते दाखवायला तिलाच बरोबर नेलं. ती पायवाट झाली नाही. लग्न झालं.

जनसुनावणीची सवय बाबांनी घरीही आणली. माझी बहीण इंग्रिड आणि मी कुत्रा पाळायचा ठराव मांडला, तेव्हा शेजारच्या सगळ्या घरांना रीतसर नोटीस गेली. शेजारी आले. आईने केक केला होता. अंडी उकडायच्या घड्याळावर प्रत्येकाला तीन मिनिटं मिळाली, आणि प्रत्येकाने "कुत्रा म्हणजे वेगळंच" एवढं म्हणून उरलेला वेळ हवामानाला दिला. तोवर बाबांना भाषा कळू लागली होती, म्हणून कुत्रा आला नाही. मांजराबद्दल कोणीच काही बोललं नाही, म्हणून मांजर आलं.

पहिला मोठा बर्फ पडला की बर्फ काढणारी गाडी यायच्या आत ते आम्हाला झोपेतून उठवून चौकात न्यायचे. गाड्यांची चाकं कुठून गेली आणि कुठला बर्फ कोणीच तुडवला नाही, ते दाखवायचे. तेवढा रस्ता जास्तीचा, म्हणायचे, तो पायी चालणाऱ्यांना परत द्यायचा. आमच्या परसातही त्यांनी हेच केलं. स्वयंपाकघराच्या दारापासून पक्ष्यांना दाणे घालायच्या खांबापर्यंत आईची पावलं बर्फात उमटायची. मध्ये काहीही नसताना ती वाट एके ठिकाणी वळण घ्यायची. बर्फ वितळल्यावर बाबांनी बरोबर त्या पावलांवर फरश्या बसवल्या. आई म्हणाली, हे काय वाकडंतिकडं. बाबा म्हणाले, तू अशीच चालतेस.

त्यांचं शेवटचं मोठं काम म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाचं सर्कल. बाबांचं नाव ऑर्विल, म्हणून गावाने त्याला "ऑर्विलचा भोवरा" असं नाव ठेवलं. आधी तिथे सिग्नल होता आणि लोक त्याला गाड्या धडकवायचे. सर्कलचा नियम सोपा: जो आत आहे तो आधी, जो बाहेर आहे तो थांबेल. पण आमच्याकडे केकचा शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही. प्रत्येक जण त्यातला अर्धा कापून घेतो आणि शेवटी बशीत चिमूटभर चुरा उरतो, त्याचेही मग दोन भाग होतात. अशी माणसं सर्कलपाशी आली. चारी तोंडांशी चार गाड्या, आणि चौघेही एकमेकांना हात करताहेत: आधी तुम्ही. पहिला हिवाळाभर सर्कल रिकामं होतं आणि रांगा मात्र लांब होत्या.

आईने तिथे गाडी चालवायला साफ नकार दिला. रिकाम्या जागेभोवती फिरण्याइतकी मी रिकामटेकडी नाही, असं तिचं म्हणणं होतं. खरं तर ती घाबरायची. किराणा, दवाखाना, लायब्ररी, सगळं पलीकडे. त्यामुळे बाबा चालवायचे आणि आई शेजारी डोळे मिटून बसायची. तुला शिकवतो, असं बाबा दर वसंतात म्हणायचे. पण दोघांनाही बरोबर जायला आवडायचं, म्हणून ते शिकणं राहून गेलं.

एप्रिलमध्ये बाबा गेले. झोपेतच गेले, कोणाचाही खोळंबा न करता.

इंग्रिड मिनियापोलिसहून आली ती आईसाठी खोली तयार करूनच. घर विकायचं आणि आईला घेऊन जायचं. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सर्कल ओलांडल्याशिवाय इथे पावसुद्धा मिळत नाही आणि आई ते ओलांडत नाही. मग एकटी राहणार कशी? आई "बघू" म्हणाली आणि पक्ष्यांना दाणे घालायला गेली. मी मागे गेलो. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "हिच्या सातव्या मजल्यावर पक्षी येतात का रे?"

मी म्हणालो, कबुतरं येत असतील.

"कबुतरं," आई म्हणाली, आणि डबा बंद केला.

अंत्ययात्रा चर्चपासून निघून दफनभूमीत जायची होती. दफनभूमीही पलीकडेच. अंत्यविधीवाल्या मिस्टर ट्वेट यांनी हायवेवरून लांबच्या वाटेने नेण्याचं सुचवलं. त्यांनाही सर्कल झेपत नव्हतं. इंग्रिड म्हणाली, बाबा त्यांच्याच सर्कलमधून जातील. आई म्हणाली, जाऊ दे, मी डोळे मिटते.

पुढे ट्वेट यांची शववाहिका, मागे बाबांच्या जुन्या गाडीत मी आणि आई, मग इंग्रिड, मग दिवे लावून सगळं गाव. दफनभूमीकडच्या तोंडाशी लाकडांचा ट्रक उभा होता. ड्रायव्हरने आदराने टोपी काढली होती. ट्वेटनी त्याला हात केला, आधी तुम्ही. त्याने ट्वेटना हात केला. एवढ्यात बाहेर पडायची जागा मागे गेली. काही बिघडलं नव्हतं; आणखी एक फेरी मारायची. पण आम्ही फिरून पहिल्या तोंडाशी आलो तेव्हा यात्रेतल्या शेवटच्या गाड्या अजून आत शिरायच्या होत्या. हक्क ट्वेट यांचा होता. त्यांनी थांबून हात केला, या, या. सगळे आले. शेवटी पास्टर होते. शववाहिका त्यांच्या मागे लागली, आणि बाबा यात्रेच्या सगळ्यात पुढेही झाले आणि सगळ्यात मागेही.

सर्कल गच्च भरलं आणि फिरू लागलं. एवढं मोठं कशाला, असं बाबांना लोक कायम ऐकवायचे. आज गाव बरोबर मावलं.

एरवी अंत्ययात्रेत पुढच्या गाडीचा मागचा भाग तेवढा दिसतो. इथे समोरून सगळ्यांचे चेहरे दिसत होते. बेकरीवाल्या मिसेस ओयेन रडता रडता हात हलवत गेल्या. थोड्या वेळाने पुन्हा गेल्या.

आईने डोळे उघडले. तिने मिसेस ओयेनना हात केला. मग मला विचारलं, "हा ट्वेट बाहेर का पडत नाहीये?"

"पास्टर पडतील म्हणून थांबलेत."

"आणि पास्टर?"

"ते ट्वेटसाठी थांबलेत."

"आणि तू?"

"मी बाबांच्या मागे आहे," मी म्हणालो. "त्यांना ओलांडून कसं जायचं?"

पाऊण फेरी तिने शववाहिकेकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "थांबव गाडी."

सर्कलमध्ये थांबायचं नसतं. मी थांबलो. सगळं गाव थांबलं. आई उतरली, मी उतरलो, आम्ही जागा बदलल्या. लोकांना वाटलं हा विधीचाच भाग आहे. पुरुषांनी उतरून टोप्या काढल्या, आणि पाठीमागे कोणीतरी भजनही सुरू केलं. आईने सीट पुढे ओढली, आरसा खाली केला.

"सांग आता."

"उजवा इंडिकेटर दे. पाटी आली की वळ."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हा इतकी वर्षं मला शिकवणार तरी काय होता?"

भजनाचं कडवं संपेपर्यंत ती थांबली. लोक गाड्यांत बसले. यात्रा पुन्हा हलली. इंडिकेटर टिकटिकू लागला. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. पाटी जवळ आली, आणि समोर शववाहिका सरळ पुढे निघाली.

"आई, बाबा राहतील मागे."

"राहू दे जरा. त्याला आवडतं इथे."

आणि ती वळली. इंग्रिडची गाडी क्षणभर घुटमळली आणि आमच्या मागे आली, तिच्यामागे एकेक करत सगळे. कोणीतरी आधी जायला हवं होतं, एवढंच. बाबांनी एक पूर्ण फेरी एकट्याने मारली आणि आमच्या मागून, सावकाश, स्वतःच्या दफनाला आले.

दफन झाल्यावर इंग्रिडने किल्ली घ्यायला हात पुढे केला. चर्चच्या तळघरात दफनानंतरच्या जेवणाचे हॅम सँडविच आणि जेली घेऊन बायका खोळंबल्या होत्या.

"तू हिच्या गाडीतून ये," आई मला म्हणाली. "मी येते मागून. मला जरा एकटीला फिरायचंय."

इंग्रिड अर्थातच लगेच तिच्या मागे निघाली. आम्ही सर्कलच्या तोंडाशी पोचलो तेव्हा आई आत होती. नियमाने तिचा हक्क आधी, इंग्रिड थांबली. आई आमच्यासमोरून गेली. उजवीकडे चर्चचं तोंड आलं, ते सोडून ती पुढे गेली. फिरून पुन्हा आली. पुन्हा गेली. आमच्यामागे गाड्या साचल्या. हॉर्न कोणी वाजवला नाही.

"चुकतेय का ती?" इंग्रिडने विचारलं.

आईने आमच्याकडे बघितलंही नाही. ती शेजारच्या रिकाम्या सीटशी काहीतरी बोलत होती, बहुधा खडसावून.

"नाही," मी म्हणालो.

इंग्रिडने गाडी बंद केली आणि हीटर राहावा म्हणून परत सुरू केली. आई आणखी एकदा गेली.

"त्या खोलीत मी शिवणाचं मशीन ठेवते मग," इंग्रिड म्हणाली.