छायाच्या आवाजाचं बिल

तो मेल खोटा आहे हे ठरवायला मी पुरती दोन मिनिटंही घेतली नाहीत.

नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये मी चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी छापून आलेले ताव तपासण्यात. त्यामुळे जेलरोडच्या आमच्या सोसायटीत कुणाला एखादी नोट संशयास्पद वाटली की ती माझ्याकडे यायची. हल्ली नोटांऐवजी मेसेज यायला लागले होते. "खंडेराव, हे बघा जरा, खरं आहे का?" मी चष्मा कपाळावर सरकवून बघायचो, "खोटं" म्हणायचो आणि समोरचा निर्धास्त होऊन जिना उतरायचा. मला ते आवडायचं, नाही कशाला म्हणू?

शेजारच्या कोंडाजींना गेल्या दिवाळीत वीज तोडण्याच्या खोट्या मेसेजनं आणि पाठोपाठ आलेल्या फोननं पार लुटलं. तेही प्रेसमधलेच, माझ्या आधी दोन वर्षं रिटायर झालेले. "लय गोड बोलत व्हता हो तो," एवढंच म्हणायचे आणि डोळे पुसायचे. तेव्हापासून मी सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी एक इशारा टाकायला लागलो. जो घाई करतो आणि धमकी देतो तो चोर समजा, लिंक दाबू नका, स्वतः जाऊन खात्री करा. यंदा आषाढात मी स्वतःचं जुनं कार्डही बँकेत जाऊन बंद केलं आणि नवीन घेतलं. नंबर कुठे फिरत असेल, काय सांगावं! त्या जुन्या कार्डावरून दर महिन्याला काय काय भरलं जातं, हे मात्र माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या बायकोच्या आवाजाचं बिल त्याच कार्डावरून जात होतं.

हे नीट सांगायला हवं. माझी बायको छाया महापालिकेच्या शाळेत एकोणतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवायची. दोन वर्षांपूर्वी तिला घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला बारा दिवस होते. आमची मुलगी सृष्टी बंगळुरूहून धावत आली आणि तिनं एक परदेशी कंपनी शोधून काढली. त्यांच्या ॲपमध्ये आपल्या आवाजात वाक्यं रेकॉर्ड करायची, मग फोनवर काहीही टाइप केलं की फोन आपल्याच आवाजात बोलतो. छायानं ते बारा दिवस खोलीचं दार लावून, पंखा बंद करून वाक्यं वाचली. मे महिना होता. मधूनच घाम पुसत बाहेर यायची आणि मला दम भरायची, "कुकर लावू नका हो, शिट्टी आत ऐकू येते."

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात तिनं पहिल्यांदा टाइप केलं. फोन म्हणाला, "अहो, किती वाळलात!" तोच किंचित नाकातला आवाज, तोच लांबवलेला 'अहो'. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडलो.

त्यानंतर घर पुन्हा घरासारखं झालं. ती भाजीवालीशी घासाघीस करायची, सृष्टीच्या लेकीला फोनवरून गोष्टी सांगायची, माझ्या घोरण्याबद्दल पाहुण्यांसमोर तक्रार करायची. टाइप करायला वेळ लागायचा म्हणून भांडण जरा सावकाश व्हायचं इतकंच. गळ्यावरचा रुमाल सोडला तर काही घडलंय असं वाटू नये, इतपत ती सावरली होती.

मग श्रावणात तो मेल आला, छायाच्या मेलवर. तिनं फोन माझ्यापुढे धरला. तुमचं पेमेंट होऊ शकलं नाही, तीस दिवसांत नवीन कार्ड द्या, नाहीतर खातं बंद होईल आणि तुमचा आवाज कायमचा काढून टाकला जाईल, असं इंग्रजीत लिहिलं होतं. खाली निळं बटण. मी ट्यूबलाइटखाली जाऊन बघितलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात कंपनीचं नावच नव्हतं, भलतंच काहीतरी होतं. वरचं बोधचिन्ह पुसट आलं होतं. मुदत होती, धमकी होती आणि दाबायला बटणही होतं.

"खोटा आहे," मी म्हणालो.

छायानं टाइप केलं. "पण माझं नाव बरोबर लिहिलंय. त्यांना कसं कळलं?"

"नाव काय, कुणालाही कळतं. कोंडाजींचं नव्हतं कळलं?"

"सृष्टीला विचारू या का?"

"तिला कशाला? तिला ऑफिस आहे, पोर आहे. आणि मग मी कशाला आहे?"

मग तिनं माझ्यादेखत मेल काढून टाकला.

दहा दिवसांनी दुसरा आला. तेव्हाही तिनं विचारलं, "अहो, निदान ॲप उघडून बघू का? खरं असेल तर त्यात लिहिलेलं असेल."

"बिलकुल नको. तू आत शिरावंस हेच त्यांना हवं असतं," मी म्हणालो. किती मूर्ख वाक्य! स्वतः जाऊन खात्री करा, असं सगळ्या सोसायटीला मीच रोज सांगत होतो. माझ्या घरात मात्र मी 'खोटं' म्हटल्यावर खात्री करायची गरज कुणाला वाटावी, हेच मला झोंबलं.

तिसरा मेल अगदी मुदतीच्या शेवटी आला तेव्हा मी त्याचा फोटो काढला, चुकांभोवती लाल गोल केले आणि खाली लिहिलं, 'चोर आता आजारी माणसांनाही सोडत नाहीत. सावध राहा.' संध्याकाळ होती, ग्रुपवर सगळे होते. अंगठ्यांचा पाऊस पडला. लोक प्रश्न विचारत होते आणि मी एकेकाला उत्तर देत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत होतो. स्वयंपाकघरातून एक बाई म्हणाली, "दूध उतू चालले आहे." मला वाटलं, शेजारची कुणी आलीय. आत गेलो तर छाया एकटीच होती. तिनं गॅस बंद केला, फोनकडे बघितलं आणि पुन्हा काहीतरी टाइप केलं. "अहो," ती बाई म्हणाली. बँकेत फोन लावल्यावर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणते ना, तसली ती बाई होती. छायानं फोन ओट्यावर पालथा ठेवला. मी तो उचलायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला.

सृष्टीनं बंगळुरूहून खातं उघडून बघितलं. तिन्ही मेल खरे होते. कंपनीची बिलं दुसरीच एक कंपनी बघायची, म्हणून पत्त्यात तिचं नाव होतं. सृष्टीनं त्यांना पत्रावर पत्रं लिहिली. दोन दिवसांनी फार अदबीचं उत्तर आलं. ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी मुदतीनंतर आवाज पूर्णपणे नष्ट केला जातो, तो परत आणता येत नाही, आम्हाला खेद आहे. रेकॉर्डिंग सगळं त्यांच्याकडेच झालं होतं, आमच्याकडे त्यातलं काहीच नव्हतं.

"बाबा, मला एक फोन करायचा ना," सृष्टी म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग आम्ही आवाज शोधत सुटलो. छायाला व्हॉइस मेसेज पाठवायची सवय नव्हती, ती सरळ फोन लावायची. सायखेड्याला पुतण्याच्या लग्नाच्या व्हिडिओत ती बोलताना दिसत होती, पण वर बँड वाजत होता. शाळेच्या निरोप समारंभात तिची दोन वाक्यं मिळाली, माइक किंचाळत असतानाची. सृष्टीनं तेवढ्यातून आवाज बनवून घेतला. ऐकला तर कुणीतरी आजारी पुरुष बोलत असावा तसा. छायानं तो एकदाच ऐकला आणि नकारार्थी मान हलवली.

कोंडाजी भेटायला आले. खुर्चीत अवघडून बसले आणि म्हणाले, "माझं सोडा, मी येडा. पन तुमाला तरी कळाया पायजे व्हतं खंडेराव. तुमची नजर हाय."

जी गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही ती त्यांनाही ठाऊक होती, फक्त त्यांनी कधी तिचा विचार केला नव्हता. चौतीस वर्षांत माझ्या टेबलावर खोटी नोट एकदाही आली नाही. येणार कुठून? तिथे सगळ्या खऱ्याच होत्या. कुठे शाई पुसट, कुठे कड सरकलेली, अशा खऱ्या नोटा मी बाद करायचो. खोटं कसं दिसतं हे मला कधी शिकवलंच नव्हतं. मला फक्त खोट काढता येत होती आणि लोक त्याला नजर म्हणायचे, मीही म्हणायचो.

आता बाहेर गेल्यावर छाया त्या बँकेतल्या बाईच्या आवाजात बोलते. रिक्षावाल्याला पत्ता सांगते, दुकानात भाव विचारते. घरात वही आहे. माझ्याशी ती वहीतच बोलते आणि कामापुरतंच. मी दोनदा म्हणालो, "छाया, काय वाट्टेल ते बोल मला, त्या बाईच्या आवाजात बोल." तिनं वही पुढे ओढली आणि लिहिलं, 'तिच्या आवाजात तुम्हाला कशाला बोलू?'

मी ग्रुप सोडला. दिवसभर घरात शांतता असते. त्या शांततेत मी एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करतो. तिच्या आवाजातलं शेवटचं वाक्य कोणतं होतं? तो आवाज जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ती काहीतरी म्हणाली होती, हे नक्की. कानाला आवाज आठवतो, शब्द येत नाहीत. डोकं फुटायची वेळ आली तेव्हा काल तिला विचारलंच.

"छाया, त्या संध्याकाळी तू शेवटचं काय म्हणाली होतीस गं?"

ती वाटाणे सोलत होती. हात पुसून तिनं वही घेतली. लिहायला तिला वेळ लागला नाही.

'अहो, जेवायला चला. तीनदा म्हणाले. तुम्ही फोनवर लोकांना सावध करत होता.'