आत सोडलेले कापड

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याच्या दुकानातली, हातभर लांब, काळ्या मुठीची. तोडणे हे माझे काम, तरी आज मी सांगणार आहे ते राखून ठेवलेल्या कापडाबद्दल.

एका लोहाराने मला तापवले, ठोकले आणि दोन पाती एका खिळ्यावर जोडून दिली. तिथून मी मास्तरांच्या हातात आले ती कायमची. त्यांचा अंगठा माझ्या मुठीत इतका रुळला की तिथला रंगच उडून गेला. गल्लीच्या टोकाला त्यांचे एका खोलीचे दुकान. मध्ये पडदा, पडद्यामागे मास्तरांची खाट.

कापड बेतताना मास्तर मला खडूच्या रेघेवरून कधी चालवत नसत. रेघेबाहेर दोन बोटे कापड सोडून कापत आणि ते शिवणीच्या आत दुमडून ठेवत. गिऱ्हाइके कुरकुरत, "मास्तर, एवढं कापड आत कशाला दडवलंत?"

"वहिनींच्या हाताला चव आहे, म्हणून," मास्तर म्हणत.

पुढे तेच गिऱ्हाईक पोट सांभाळत येई. मग मास्तर शिवण उसवून कोट सैल करून देत. तेव्हा माझेही कौतुक होई.

त्यांच्याकडे एक बाई संसार सांभाळून काम शिकायला येऊ लागली. हात चपळ, पण सबुरी नाही. मास्तरांनी तिचे नाव 'घाईबाई' ठेवले. ती मला थेट रेघेवरून पळवायची. तिला एक धाकटी बहीण होती. आई गेली त्या दिवशी धाकटी उशिरा पोचली, तेव्हा घाईबाई दारातच म्हणाली, "आता कशाला आलीस?" धाकटी चपला न काढताच माघारी फिरली. तेव्हापासून दोघींत बोलणे नव्हते.

पुढे मास्तर आजारी पडले आणि दुकान बंद झाले. मी खणात गंजत पडले. कोणी येऊन माझ्याने खोक्यांचे पुठ्ठे कापले आणि माझी उरलीसुरली धार गेली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. घाईबाई रोज येऊन मास्तरांना दूध पाजायची. एकदा ते म्हणाले, "कात्रीला धार लावून आण. ते तपकिरी लोकरी कापड माझ्यासाठी ठेवलं होतं. मला आता कोट कशाला? तुझ्या धाकटीसाठी त्याचा कोट बेत."

घाईबाईचा हात थांबला. "माझ्याकडे तिचं माप नाही."

"आठव."

"आठवतंय ते जुनं आहे."

"मग आत सोड. जास्तच सोड."

घाईबाई मला धार लावून घेऊन आली आणि कापायला बसली. मास्तरांना मान उचलवत नव्हती, पण माझ्या आवाजावरून त्यांना सगळे कळायचे. पडद्यामागून ते म्हणाले, "रेघेवर आलीस. बाहेर हो."

"मास्तर, तुम्ही शांत पडून राहा की."

"पुढे तेच करायचंय."

थोडा दम घेऊन ते म्हणाले, "तू तिचं माप एकदाच घेतलंस, तेही सगळ्यात वाईट दिवशी. माणूस भरतं, सुकतं. त्याला जागा ठेवावी लागते, बाई."

"आणि तिला नकोच असला तर? कापड वाया गेलं ना?"

"आत असतं ते दिसत नाही, म्हणून वाया गेल्यासारखं वाटतं. मी जन्मभर सोडत आलो. मला कधी कमी पडलं नाही."

उरलेले कापड घाईबाईने हळू, रेघेबाहेरून कापले. मास्तर ऐकत होते. "हं," एवढेच म्हणाले. कोटाला बटणे लागण्याआधी ते गेले.

तयार कोट बरेच दिवस खुंटीवर राहिला. घाईबाई तो काढायची, झटकायची, पुन्हा टांगायची. शेवटी एका सकाळी तिने तो पिशवीत घातला, वर मला ठेवले आणि जाऊन धाकटीचे दार वाजवले.

धाकटीचे केस पिकले होते, अंग सुटले होते. ती दार अडवून उभी राहिली. मग म्हणाली, "आता कशाला आलीस?"

"माप घ्यायला," घाईबाई म्हणाली.

कोट घट्ट झाला. बटण काजापर्यंत पोचेना. "तुझं माप चुकलंय, ताई," धाकटी म्हणाली.

"चुकलंच," म्हणत घाईबाई जमिनीवर बसली आणि माझ्या टोकाने बगलेखालचा एकेक टाका तोडू लागली. आतून दुमडलेले कापड निघाले, चांगली चार बोटे.

"एवढं सोडलं होतंस?"

"हो."

धाकटी तिच्याशेजारी बसली आणि तिने शिवणीचे दुसरे टोक ताणून धरले.

आता मी घाईबाईच्या दुकानात असते. लोक तिला अजून घाईबाईच म्हणतात, पण ती रेघेबाहेर कापते. मित्रांनो, माझ्याने पुठ्ठा कापू नका. अधूनमधून खिळ्यावर तेलाचा थेंब सोडा. आणि कोणाचे माप तुम्ही वाईट दिवशी घेतले असेल, तर पुन्हा एकदा घ्यायला जा. जाताना मला पिशवीत टाका. उसवायला मी कामी येईन.