जाड दांडी

वस्तादांनी आठ महिन्यांत उंबरठा ओलांडला नव्हता. दोष गाडीचा, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं.

गाडी त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान. लांबलचक नाकाची, मऊ स्प्रिंगांची, वळणावर होडीसारखी कलणारी. आठ महिन्यांपूर्वी तिच्यातून उतरताना वस्ताद रस्त्यावर आडवे झाले. तेव्हापासून एकच पालुपद, "हिचं कलणं बंद कर, मग नेशील तिथं येतो. डॉक्टरकडंसुद्धा."

त्यांची लेक त्यांच्या गॅरेजच्या वरच्याच घरात वाढली होती आणि आता गॅरेज तीच चालवत होती. दर अर्ध्या तासानं वरून हाक यायची, "पोरी!" हातातला पाना ठेवून ती जिना चढायची. कधी पाणी हवं असायचं, कधी न्हाणीघरापर्यंत हात. स्पेअर पार्टच्या दुकानापलीकडे तिनंही आठ महिन्यांत काही पाहिलं नव्हतं. मैत्रिणी फोन करून करून दमल्या होत्या.

शेवटी तिनं मनावर घेतलं. वळणावर गाडीला एका अंगावर झुकू न देणारी पोलादी दांडी, स्टॅबिलायझर, पुढची अठरा मिलीमीटरची होती. तिनं बावीसची बनवून घेतली. मागे दांडी नव्हतीच, तिथं नवी बसवली. दांडी धरून ठेवणारी जुनी रबरी बुशं हाताला भुग्यासारखी लागली, तीही बदलली. गाडीखालच्या खड्ड्यात, पिटमध्ये उभी राहून, डोक्यावर गाडी घेऊन, तिनं तीन दिवस काम केलं. वस्ताद आठ महिन्यांत पहिल्यांदाच भिंतीला धरून खाली आले आणि खुर्चीत बसून सूचना देत राहिले.

"नट आत्ताच आवळू नकोस. चाकांवर वजन येऊ दे."

"माहितीये, बाबा. तुम्हीच शिकवलंय."

"शिकवलंय म्हणूनच सांगतोय. अर्धं विसरतेस."

चौथ्या दिवशी सकाळी तिनं त्यांना शेजारी बसवलं. मोठ्या चौकाला तिनं मुद्दाम वेगात वळसा घातला. गाडी रुळावरून जावी तशी सपाट फिरली. इतकं चोख काम तिच्या हातून क्वचितच झालं होतं. ती हसून वळली, तर बाबांचे डोळे गच्च मिटलेले, दाराच्या मुठीवर बोटं पांढरी पडलेली.

"अजून कलतेय," ते म्हणाले.

तिनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. किल्ली काढली.

"कलतेय गं. थांबव."

"थांबलीये, बाबा."

त्यांनी डोळे उघडले. समोरचा दिव्याचा खांब बराच वेळ पाहिला. मग घसा साफ करत म्हणाले, "नवी बुशं आहेत. बसायला चार दिवस लागणारच. मागची दांडी आणखी जाड कर."

हो म्हणणं सोपं होतं. जाड दांडी, मग स्प्रिंग, मग टायर, असं करत वर्ष सरलं असतं. तिला एकदम कोंडल्यासारखं झालं. तिनं काच खाली केली.

"बाबा, गाडीत आता काही राहिलं नाही. मी दमलेय."

वस्तादांनी दाराची मूठ सोडली नाही. त्यांना दार उघडून जाता येत नव्हतं, तिला त्यांना सोडून उतरता येत नव्हतं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, शेवटी कंटाळून बाजूनं निघून गेला.

"ने," ते खूप वेळानं म्हणाले. "कुठं न्यायचं तिथं ने. फक्त हळू."

डॉक्टरीणबाईंनी कान तपासले, डोळ्यांपुढे बोट फिरवलं. आतल्या कानाचा तोल बिघडलाय, म्हणाल्या. रोज व्यायाम करा, सहा महिने लागतील, कदाचित जास्त, पूर्ण बरं होईलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पिटमध्ये उतरून तासभरही झाला नसेल, वरून हाक आली.

"पोरी! तो मान वळवायचा व्यायाम उजवीकडून सुरू करायचा की डावीकडून?"

"उजवीकडून!" ती खालूनच ओरडली.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"एकट्यानं पडेन गं मी."

तिनं हात पुसले आणि जिना चढायला लागली.