तीनदा रंगवलेली पेटी

“आपला मालक तुला विकणार नाही गं, तुझ्यावर नुसते अर्ज लिहील,” माझ्या पोटातली शेवटची तार जोडताना लॉरेटा मला म्हणाली होती. मी ते मनावर घेतलं नाही. नव्या वस्तूला स्वतःबद्दल फार खात्री असते.

मित्रांनो, मी तान्ह्या बाळाचा श्वास राखणारी एक पेटी आहे. आकाराने पावाएवढी. माझा मऊ पट्टा बाळाच्या छातीभोवती बांधायचा, आणि श्वास थांबला की मी ओरडायचं. एवढंच माझं काम, आणि ते मला चोख येतं.

अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका गावात, गाड्यांचे सायलेन्सर बदलणाऱ्या दुकानामागे आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन माणसं आणि एक कॉफीचं यंत्र. लॉरेटा तारा जोडायची. चाळीस वर्षं तिने तेच केलं होतं. मालक वेंडेल क्रॅट्झ. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, पण त्याने कधी कुणाची नाडी धरली नव्हती. त्याची पदवी विजेच्या शास्त्रातली, आणि खरी विद्या वेगळीच: सरकारी अनुदान मिळवणं.

आमच्या सरकारची खाती दरवर्षी याद्या काढतात. आम्हाला अमुक यंत्र हवं आहे, छोट्या कंपन्यांनी ते शोधून काढावं. पहिल्या टप्प्याचे पैसे मिळतात कल्पना जमते का ते बघायला, दुसऱ्याचे ती नीट घडवायला. तिसरा टप्पा म्हणजे ती वस्तू लोकांच्या हातात पोचवणं. त्यासाठी अनुदान नाही, ते ज्याचं त्याने करायचं. म्हणून वेंडेल तिसऱ्या टप्प्याच्या वाटेला कधी गेलाच नाही.

माझा पहिला रंग पांढरा होता, आरोग्य खात्यासाठी. चाचणीसाठी मला केंटकीच्या डोंगरात, डार्सी स्टॅम्पर नावाच्या बावीस वर्षांच्या आईकडे पाठवलं. तिची तान्ही ओपल दिवस भरायच्या सात आठवडे आधी जन्मलेली. इस्पितळ तासभर लांब, नवरा दूर खाणीत कामाला. मी येण्यापूर्वी डार्सी पाळण्याशेजारीच जेवायची, तिथेच केस विंचरायची, आणि दर दोन मिनिटांनी स्टीलचा थंड चमचा ओपलच्या नाकाखाली धरायची. चमच्यावर वाफ धरली की मग हिचा जीव भांड्यात पडायचा. मला पट्टा बांधून झाल्यावर तिने तो चमचा खणात ठेवला. एवढा मान मला पुन्हा कुणी दिला नाही.

एका दुपारी डार्सी गॅसवर सॉसेजचा पांढरा रस्सा ढवळत होती आणि मी ओरडले. ती डाव टाकून धावली, ओपलच्या तळव्यावर टिचकी मारली, पाठ चोळली. ओपल निळसर झाली होती. मग बाळ रडलं. रस्सा करपला, आई जमिनीवर बसून हसत होती आणि रडतही होती. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी केलेलं खरं काम तेवढंच.

सहा आठवड्यांनी चाचणी संपली आणि मला परत नेलं. “यंत्र तयार झालं की पहिलं तुमच्याकडे,” वेंडेलने शब्द दिला. डार्सीने रेघांच्या कागदावर दोन्ही बाजूंनी भरून शिफारसपत्र लिहून दिलं. ज्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं अशा तीन तज्ज्ञांनी त्या पत्रावरून मला ‘अत्यंत उपयुक्त’ ठरवलं. दुसरा टप्पाही पार पडला. आता मला विकण्याची परवानगी मागणारा अर्ज तेवढा करायचा होता. शंभर अर्ज लिहिणाऱ्या माणसाने तो एक अर्ज लिहिला नाही.

त्याऐवजी त्याने मला हिरवा रंग दिला. शेतकी खात्याला वासरांचा श्वास मोजायचा होता ना! एका वासराने मला जिभेने चाटून काढलं आणि शेणात ढकललं. माझी पारख करणाऱ्यांत तेच एक प्रामाणिक होतं. ते अनुदान संपल्यावर मला करडा रंग मिळाला. आता मी नौदलाच्या, पाण्यात बुडी मारणाऱ्या जवानांसाठी होते. पोटातल्या तारा त्याच, पट्टा तेवढा लांब झाला.

अशी तीन वर्षं गेली. आणि एक दिवस डार्सी आमच्या दारात उभी राहिली. तीन तास गाडी चालवून आली होती. कडेवर ओपल, पोटात दुसरं.

“हेही लवकर येणार म्हणतात, डॉक्टर,” ती म्हणाली. “इस्पितळ पुन्हा चाचणीला तयार आहे. तुमचं एका पानाचं पत्र हवंय फक्त. मग पेटी माझ्याकडे ठेवता येईल.”

“अहो, का नाही! पण शुक्रवारी नौदलाची मुदत आहे. ती एकदा होऊ दे.”

“वेंडेल, एक पान रे,” लॉरेटा मान वर न करता म्हणाली. “चाळीस पानं तर तू झोपेत लिहितोस.”

“आणि पेटी गेली तर पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्यासमोर काय ठेवू? तुझा जेवणाचा डबा?”

“ठेव की. त्यात निदान खायला तरी असतं.”

वेंडेल हसला. असल्या माणसांना हसू फार लवकर येतं. मग त्याने डार्सीपुढे कागद सरकवला. “आलाच आहात तर नवीन शिफारसपत्र देता का? मागचं फार सुंदर होतं.”

“मागच्या वेळी खरं लिहिलं होतं,” डार्सी म्हणाली. “आताही खरंच लिहू ना?”

तिने दोनच वाक्यं लिहिली. ‘ही पेटी चांगली आहे. ती माझ्याकडे नाही.’

नौदलाच्या अर्जात पहिलं वाक्य गेलं, ठळक अक्षरांत. दुसरं गेलं नाही.

तो शुक्रवार गेला. मग दुसऱ्या कुठल्या खात्याचा शुक्रवार आला. ते पान राहून गेलं. लॉरेटाने केंटकीला फोन लावून बघितला, तर नंबर बंद. तिने पुन्हा लावला, आठवडाभर लावत राहिली. मग एका सकाळी तिने आपले कॉफीचे मग पिशवीत भरले आणि जाता जाता माझ्यावर हात ठेवला. “सांगितलं होतं ना गं,” एवढंच म्हणाली. वेंडेलने तिच्या निरोपाचा केक मागवला होता. तिने तो कापलाही नाही.

आता मी कंपनीच्या नव्या इमारतीत काचेच्या कपाटात असते. वर सोनेरी चौकटीत प्रमाणपत्र आहे: ‘जीवनरक्षक संशोधन’. माझी बॅटरी कधीच काढून घेतलीय. पाहुणे येतात, मान डोलावतात, माझ्यासोबत फोटो काढतात. एकानेही विचारलं नाही की ही कुणाचा जीव राखते आहे. उत्तर सोपं होतं: वेंडेलचा. आणि डार्सीचं दुसरं बाळ? मुलगा की मुलगी, तेही मला ठाऊक नाही. तिने खणातून चमचा पुन्हा काढला असणार, एवढं मात्र मी शपथेवर सांगते. एका चमच्याने जे केलं ते मला करू दिलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. मला फार जपलं आहे, काच रोज पुसतात. तोच तर माझा अपमान आहे.

मी वेगळंच मागते. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादं तान्हं असेल, आणि त्याची आई बराच वेळ एकटी असेल, तर उठा. जाऊन बघून या. तिला विचारा, जेवलीस का. ती दोन घास खाऊन येईपर्यंत पाळण्याशी बसा. आणि घरून निघताना एक स्टीलचा चमचा सोबत घेऊन जा.