शेकड्यामागे पाच वरचे

भांडण ट्रॅक्टरच्या किल्लीवरून पेटलं. शोभनाकाकीला स्वतः ट्रॅक्टर हाकत मंडीत जायचं होतं. दौलतकाका बोलला, "बाई स्टेअरिंगवर बसली तर मंडीतले बैल पन हसतील."

"मंडीत बैल उरलेत कुठं? तुम्हीच एक जाता," काकी बोलली. "मी गेल्या साली प्रौढांची परीक्षा पास झाली. यंदा तुम्ही होऊन दाखवा. नापास झाले तर किल्ली माझी."

"मंजूर."

आमचं गाव इंदूरला चिकटूनच. शिकवनारा मी, कारन गावात रिकामा मीच. काका हुशार बरं का, भिया. हातचे बरोबर धरायचा. पन गनितात गोष्ट आली की अडला. रामूकडे १३५ बकऱ्या, अजून १८७ घेतल्या, एकूण किती? काका पेन ठेवून द्यायचा. "एवढ्यांना चारनार कोन?"

"काका, नुसती बेरीज करा."

"बेरजेनं बकरीचं पोट भरतं का?"

परीक्षेत शेवटचं गनित मक्याच्या भुट्ट्यांचं आलं. शेतकऱ्यानं सोमवारी २४८ अन् मंगळवारी ३७६ भुट्टे विकले, एकूण किती? म्हटलं, हे तर काकाच्या घरचं काम. पहाऱ्यावर पन मीच होतो, चक्कर मारता मारता डोकावलो. आठ न् सहा चौदा, हातचा एक. ६२४. एकदम बरोबर. मग काकानं ते खोडलं अन् लिहिलं ६५४.

मी कानाशी वाकलो. "पहिलंच बरोबर होतं ना."

"मंडीत शेकड्यामागे पाच वरचे फुकट द्यावे लागतात. सहाशेचे तीस. सुट्या चोवीसांचं माफ केलं."

"पेपरात वरचे नाय लिहिले, काका."

"मग लिहिनारा मंडीत गेला नसल. मी शेतकरी हाय, कंजूस नाय. नाय खोडनार."

सुंभ जळंल, पन पीळ जायचा नाय. त्या एका बेरजेनं काका नापास झाला. किल्ली काकीच्या कमरेला.

पुढच्या हप्त्यात भुट्टे घेऊन मंडीला निघालो. झडीनं काळी माती लोन्यासारखी झालेली. काकी स्टेअरिंगवर, काका मडगार्डवर. ट्रॅक्टर घसरला की काका खूश, सावरला की परत तोंड पाडून.

मंडीत श्रीहरी व्यापाऱ्याला चारशे भुट्टे मोजून दिले. ट्रॉलीत अजून वीस पडले होते, काकानं सवयीनं टाकलेले.

"काकीजी, ते वरचे पन द्या," श्रीहरी बोलला.

"कुठले वरचे? तेच लिहिले म्हनून माझा मानूस नापास झाला. आता सरकारनंच सांगितलंय, वरचे धरायचे नाय."

श्रीहरीनं काकाकडं पाहिलं. काका आभाळाकडं बघत बसला. "पास झालेल्या बाईशी बोल, भिया. माझ्याकडं काय बघतो?"

ते वीस किसून घरी कीस झाला, दूध टाकून शिजवलेला, मऊ. काकीनं वाटी भरून सरकवली. काकानं हात लावला नाय.

मग काकीनं वरून अजून एक चमचा टाकला.

"हा वरचा," बोलली.

काकानं वाटी उचलली.